चारशे वर्षांपूर्वीचं ‘जगाचं ज्ञान’ वाचायचं कसं? नव्या वाचकासाठी वाट

उलट्या-जुलाब सुरू झाले की माझी आजी म्हणायची, “मोडशी झालीय.” हा शब्द आता घरात कुणी वापरत नाही. तो मला पुन्हा भेटला एका पोर्तुगीज ग्रंथात, १५६३ साली गोव्यात छापलेल्या. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोगाबद्दल लिहितो की इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. पुढे हा शब्द फ्रेंचांकडे गेला, तेव्हा त्यांच्या कानांना तो ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, असा ऐकू आला. आजीची मोडशी एवढा प्रवास करून आली होती.

त्या दिवसापासून मी साधारण १५०० ते १७५० या काळातले युरोपी नकाशे, प्रवासवर्णनं, वनस्पती-प्राण्यांचे ग्रंथ आणि ‘जगातल्या सर्व धर्मांची माहिती’ देणारे जाड खंड वाचते आहे. सगळं जग एका पुस्तकात मावेल अशी त्या काळाची उमेद होती, आणि त्यातली बरीच माहिती आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली आहे. वाट दाखवणारं मला कुणी नव्हतं. पहिले सहा महिने ‘हे किती चुकलेत’ एवढंच मोजण्यात गेले. तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी जमवाजमव

पैसे फारसे लागत नाहीत. हे हाताशी ठेवा:

- मोठ्या पडद्याचा संगणक. मोबाइलवर जुन्या नकाशातली अक्षरं वाचून डोळे जातात.
- इंटरनेट आर्काइव्ह आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही दोन संकेतस्थळं, आणि नकाशांसाठी डेव्हिड रम्सी संग्रह. तिन्ही मोफत.
- ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६चा कोश. एखादा भारतीय शब्द युरोपी लोकांनी कोणत्या साली कसा लिहिला याची उदाहरणं त्यात ओळीने दिलेली आहेत. पोर्तुगीज शब्दांसाठी आपल्या गोव्याचे मोन्सिन्योर दालगादो यांचा शब्दसंग्रह आहे.
- एक शाळकरी भूगोलाचा नकाशासंग्रह, कागदी.
- एक वही आणि पेन्सिल.

मूळ प्रत हातात घेऊन पाहायची असेल तर ओळखपत्र, फोटो आणि एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागू शकतं. जाण्याआधी फोन करून विचारा. मी एका ग्रंथालयात शिफारसपत्राशिवाय गेले होते, दारातूनच परत यावं लागलं. दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत पेन चालत नाही, पेन्सिलच न्या.

## १. वहीत तीन खुणा ठरवा: पा, ऐ, उ

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून पहिली. या काळातलं कुठलंही विधान वाचलं की ‘हे खरं का?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी विचारा, ‘याला हे कुणी सांगितलं?’ उत्तरं तीनच असतात. त्याने स्वतः पाहिलं (पा), कुणाकडून ऐकलं (ऐ), किंवा आधीच्या ग्रंथातून उतरवून घेतलं (उ). समासात ही खूण करत चला.

ओर्ताचंच बघा. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं असं तो सांगतो. ही ‘पा’. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी तो औषधोपचाराला जायचा आणि तिथल्या हकिमांशी बोलायचा. तिथून आलेली माहिती बहुतेक ‘ऐ’. आणि प्राचीन रोमन लेखक प्लिनी काय म्हणतो, ग्रीक वैद्य गेलन काय म्हणतो, हे सुरू झालं की ‘उ’. ओर्ताचं मोठेपण असं की या तिघांची भांडणं तो आपल्यासमोर लावतो. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. स्पेनहून आलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य जुन्या पोथ्यांची बाजू घेतो आणि ओर्ता त्याला हातातली वस्तू दाखवतो. एका ठिकाणी तो सरळ म्हणतो की रोमनांकडून शंभर वर्षांत कळलं नसतं तेवढं आता पोर्तुगीजांमुळे एका दिवसात कळतं. या वाक्यातला गर्व ओळखा, पण त्यातली घाईही ओळखा.

## २. सुरुवात जाड ग्रंथाने करू नका, एका पत्राने करा

मी थेट हजार पानी ग्रंथ उघडला होता. ती चूक तुम्ही करू नका. पहिलं वाचन म्हणून एक छोटं पत्र सुचवते. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स आपल्याला मराठीचे कवी म्हणून माहीत आहेत. तेच थॉमस स्टीफन्स तरुणपणी ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले, २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी इंग्लंडमधल्या वडिलांना पत्र लिहिलं. रिचर्ड हॅक्लूटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते छापलेलं आहे, पाच-सहा पानांचं.

यात त्या काळाचं भूगोलाचं आणि निसर्गाचं ज्ञान अगदी कामाला जुंपलेलं दिसतं. उत्तर-दक्षिण किती आलो हे आकाशावरून कळतं, पण पूर्व-पश्चिम जाणं अवघड, कारण आकाशात त्यासाठी धरून चालावा असा एकही स्थिर बिंदू नाही, असं ते वडिलांना समजावून सांगतात. हे वाक्य वहीत उतरवून ठेवा, पुढे नकाशे पाहताना ते लागेल.

आणखी एक जागा मला फार आवडते. आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाताना पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखं काहीतरी तरंगताना दिसतं. रंग तुऱ्याहून सुंदर, खाली माशाच्या फुग्यासारखी पिशवी, आणि पाण्यात लोंबणारे दोरे, जे त्याला उलटू देत नाहीत. पोर्तुगीज त्याला ‘गिनीचं जहाज’ म्हणतात आणि ते इतकं विषारी की हात लावणं धोक्याचं. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात, लोकांना डंख होतात आणि वर्तमानपत्रात ‘ब्लू बॉटल’च्या बातम्या येतात, त्याच कुळातला हा जीव. वर्णन इतकं नेमकं आहे की चित्राची गरज पडत नाही. समासात ठळक ‘पा’.

## ३. गावांची नावं डोळ्यांनी नको, तोंडाने वाचा

नवा वाचक इथे सगळ्यात जास्त अडकतो. काही गुरुकिल्ल्या:

- पोर्तुगीज ‘एक्स’ म्हणजे बहुतेक वेळा ‘श’. ओर्ताच्या मोडशीत हाच ‘एक्स’ आहे. ‘निजामोशा’ म्हणजे निजामशाह.
- शेवटचा ‘एम’ नाकात जातो. ‘बोंबाईं’ म्हणजे मुंबई, ‘बासाईं’ म्हणजे वसई.
- ‘यू’ आणि ‘व्ही’, तसंच ‘आय’ आणि ‘जे’, ही अक्षरं त्या काळी एकमेकांच्या जागी येतात.
- शब्दाच्या मध्ये ‘एफ’ वाटणारं अक्षर नीट पाहा. आडवी रेघ पूर्ण नसेल तर ते लांब ‘एस’ असतं.

‘दाबुल’ दाभोळ, ‘कांबाया’ खंभात, ‘बालागाते’ बालाघाट, ‘बिस्नागा’ विजयनगर, ‘इदालकांव’ विजापूरचा आदिलखान. मोठ्याने वाचलंत तर निम्मी नावं आपोआप उकलतात. मराठी कान हे इथे मोठं भांडवल आहे, तेवढं परदेशी अभ्यासकाकडे नसतं.

सापळा: साष्टी दोन आहेत. एक मुंबईच्या उत्तरेची, जिच्यात कान्हेरीची लेणी आहेत, आणि दुसरी गोव्याची, जिथे फादर स्टीफन्सनी आयुष्य काढलं. जुन्या ग्रंथांत दोन्हींचं स्पेलिंग इतकं सारखं असतं की संदर्भ पाहिल्याशिवाय हलू नका. ओर्ता लेण्यांबद्दल लिहितो तेव्हा मुंबईजवळची साष्टी, आणि त्याच्याच पुढे येणारं ‘पोरी’ बेट म्हणजे घारापुरी.

## ४. नकाशा: आधी आडवं तपासा, मग उभं

आता नकाशाकडे. १५०७चा वाल्डझेम्युलरचा नकाशा पाहा, ‘अमेरिका’ हे नाव त्यावर पहिल्यांदा आलं. मग अब्राहम ऑर्टेलियसने १५७०मध्ये अँटवर्पला काढलेला नकाशासंग्रह. नवशिक्याला मी ऑर्टेलियसचाच जगाचा नकाशा देईन, कारण अक्षरं स्वच्छ आहेत.

पाहण्याचा क्रम असा ठेवा:

(क) अक्षांश. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला आहे. बाजूच्या पट्टीवरून तपासा. किनाऱ्यावरची बंदरं बहुतेक जागेच्या जवळ सापडतील, कारण सूर्य किंवा ध्रुवतारा किती वर आहे हे मोजून खलाशांना अक्षांश काढता येत होता.

(ख) रेखांश. इथे गडबड दिसेल. देश पूर्व-पश्चिम ताणलेले किंवा दाबलेले. स्टीफन्सचं ते वाक्य आठवा, आकाशात स्थिर बिंदू नाही. समुद्रावर भरवशाचं घड्याळ मिळेपर्यंत, म्हणजे १८व्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसनच्या कामापर्यंत, ही अडचण सुटली नाही. शिवाय शून्य रेखांश ग्रिनिचला नव्हता. कुणी कॅनरी बेटांवरून मोजायचं, कुणी आणखी कुठून. आकडे थेट आजच्या नकाशाशी लावू नका.

(ग) अंतर. जर्मन मैल एका अंशाला १५, पोर्तुगीज लीग एका अंशाला साडेसतरा. म्हणजे एक लीग सव्वासहा किलोमीटरच्या आसपास. ‘मैल’ शब्द दिसला की आपला मैल समजू नका. दाभोळ ते गोवा हे अंतर मी असंच चुकीचं धरलं आणि त्यावर पानभर टिपणं लिहून बसले होते.

(घ) रिकाम्या जागा. दक्षिणेला एक अवाढव्य खंड दिसेल. तो कुणी पाहिलेला नव्हता, पण उत्तरेकडच्या जमिनीचा तोल राखायला दक्षिणेतही जमीन हवी असं अनेक विद्वानांना वाटत होतं. पुढच्या शतकातल्या कितीतरी नकाशांवर कॅलिफोर्निया बेट म्हणून येतं. हे सगळं ‘उ’. एकाने काढलं, बाकीच्यांनी उतरवलं. नकाशा छापणारा माणूस अँटवर्प किंवा ॲमस्टरडॅमच्या दुकानात बसलेला असायचा. तांब्याचा पत्रा कोरायला पैसा लागे, आणि एकदा कोरलेला पत्रा तो वर्षानुवर्षं वापरी.

## ५. झाडं-प्राणी: नावावर विश्वास टाकू नका

इथे माझा जीव रमतो, म्हणून जरा थांबते.

गुजरातच्या मुझफ्फरशाहाकडून पोर्तुगीजांना एक गेंडा भेट मिळाला. १५१५च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. प्लिनीने लिहून ठेवलं होतं की गेंडा आणि हत्ती जन्माचे वैरी. पोर्तुगालच्या राजाने लगेच दोघांना समोरासमोर आणलं, आणि हत्ती पळून गेला. पुढे हाच गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाजासकट बुडाला.

न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नाही. एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. ते उघडा आणि मान संपते तिथे पाहा. खांद्यांच्या मध्ये पाठीवर एक छोटं, पिळाचं शिंग आहे. खऱ्या गेंड्याला ते नसतं. कातडी चिलखतासारखी, जणू खिळ्यांनी जोडलेली. हे जास्तीचं शिंग पुढे दोनशेहून अधिक वर्षं ग्रंथाग्रंथांतून फिरत राहिलं. चित्रावरच्या मजकुरात सालसुद्धा १५१३ छापलंय. कुठल्याही जुन्या ग्रंथात गेंडा दिसला की आधी पाठ तपासा. शिंग असेल तर ते ड्यूररवरून उतरवलेलं.

नावांचा गोंधळ याहून मोठा. लिओनहार्ट फुक्सच्या १५४२च्या वनस्पतिग्रंथात मका ‘तुर्की धान्य’ आहे आणि मिरची ‘कालिकतची मिरी’. दोन्ही मूळ अमेरिकेतली. दुरून आलेल्या वस्तूला जे दूरचं नाव तोंडी असेल ते चिकटत होतं. आपणही वेगळं केलं नाही, ‘मिरची’ हे नाव ‘मरीच’ म्हणजे काळ्या मिरीवरूनच आलं. म्हणून ‘इंडियन’ शब्द वाचून लगेच भारत धरू नका.

स्वर्गीय पक्ष्याला पाय नसतात, तो सदा हवेतच राहतो, अशीही समजूत होती. कारण साधं होतं. मॅगेलनच्या मोहिमेतलं जे जहाज १५२२मध्ये परतलं, त्याने या पक्ष्यांची वाळवलेली कातडी आणली होती, आणि ती तयार करताना तिकडचे लोक पाय काढून टाकत. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८मध्ये या पक्ष्याला नाव दिलं तेही ‘बिनपायांचा’ याच अर्थाचं.

## ६. धर्मावरची पानं: चार कप्पे आणि त्यांच्या मागची भीती

या काळातला युरोपी लेखक जगातले लोक चार कप्प्यांत टाकतो: ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान आणि उरलेले सगळे मूर्तिपूजक. हिंदू, बौद्ध, जैन, आफ्रिकेतले, अमेरिकेतले, सगळे शेवटच्या कप्प्यात. पोर्तुगीज ग्रंथांत ‘जेंतिओ’ दिसलं की तो हाच कप्पा.

कप्प्यांची ओळख नसेल तर काय होतं पाहा. १४९८मध्ये वास्को द गामाची माणसं कालिकतच्या एका देवळाला चर्च समजली आणि त्यांनी तिथे प्रार्थना केली. भिंतीवरच्या संतांना चार-पाच हात आहेत आणि दात बाहेर आलेले आहेत, अशी नोंदही त्यांच्यातल्या एकाने केली. त्यांच्या मनात मुसलमानेतर म्हणजे ख्रिस्ती, एवढाच हिशोब होता. पुढच्या काही वर्षांत चित्र पार उलटलं. इटालियन प्रवासी वार्थेमाने १५१०मध्ये कालिकतच्या देवाचं वर्णन मुकुट घातलेला, माणसं गिळणारा सैतान असं केलं, आणि चित्रकारांनी युरोपातल्या नरकाच्या चित्रांतला सैतान उचलून तिथे बसवला. असं चित्र दिसलं तर संतापून पान उलटू नका. समासात ‘उ’ लिहा आणि ते कुठून उतरवलंय ते शोधा.

याउलट अब्राहम रोजेरियस हा डच पाद्री वाचा. चेन्नईजवळच्या पुलिकत इथे पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाला विचारून त्याने हिंदू आचारांवर ग्रंथ लिहिला, तो १६५१मध्ये छापला गेला. त्यात भर्तृहरीची सुभाषितं आहेत. सांगणाऱ्याचं नाव दिलेलं असलं की ‘ऐ’ची किंमत किती वाढते ते इथे कळतं.

सापळा: लेखकाने काय लिहिलं यासोबत त्याला काय लिहिता येत नव्हतं तेही पाहा. ओर्ता मूळचा यहुदी घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. गोव्यात १५६०मध्ये धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसलं आणि तीनच वर्षांनी त्याचा ग्रंथ आला. तो १५६८मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं गेलं, आणि १५८०मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. हे कळल्यावर मी तो ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून वाचला. धर्माचा विषय आला की तो झटकन पुढे जातो आणि औषधाकडे वळतो, तिथे आता मी थांबते.

## ७. तारखा

थोडक्यात. ऑक्टोबर १५८२मध्ये काही कॅथलिक देशांत दिनदर्शिका बदलली, ४ तारखेनंतर थेट १५ आली. इंग्लंडने ती १७५२मध्ये स्वीकारली. म्हणजे मधल्या काळात एकाच दिवसाची पोर्तुगीज तारीख वेगळी आणि इंग्रजी तारीख वेगळी. तारीख उतरवताना कुणाची ते लिहून ठेवा.

## ८. पहिला महिना असा घालवा

पहिला आठवडा स्टीफन्सचं पत्र, खुणांसकट. दुसऱ्या आठवड्यात ऑर्टेलियसच्या नकाशावर दाभोळपासून गोव्यापर्यंतचा किनारा, एकेक नाव तोंडाने वाचत. तिसऱ्यात ओर्ताचा आंब्यावरचा किंवा पटकीवरचा संवाद. मार्कमचं १९१३चं इंग्रजी भाषांतर इंटरनेट आर्काइव्हवर आहे. थेट पोर्तुगीज वाचायचा हट्ट सुरुवातीला धरू नका.

चौथ्या आठवड्यात ‘होर्तुस मलाबारिकुस’ उघडा. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने करवून घेतलेला, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेला बारा खंडांचा ग्रंथ. लॅटिन येत नसलं तरी चालेल. चित्रांच्या कडेला झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेलं आहे. ज्या डच कारागिराने ही नागरी अक्षरं तांब्यावर कोरली, त्याला ती वाचता येत नसणार. काही अक्षरांचे काना-मात्रे हललेले दिसतात. ती नावं वहीत उतरवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः कोकणातल्या, वाचून दाखवा. कुठलं झाड ते त्यांना चटकन कळतं.

मग पहिल्या खंडाच्या सुरुवातीची पानं चाळा. तिथे रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन वैद्यांचं १६७५चं कोकणीतलं निवेदन नागरी लिपीत, त्यांच्या हातच्या वळणात छापलेलं आहे. झाडांची नावं आणि गुण आम्ही सांगितले, दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ यावर बसलो, असं ते लिहितात. पडद्यावर ते पान मोठं करा आणि ओळ न ओळ बोट ठेवून वाचा. पहिल्या वाचनात निम्मं लागेल, तिसऱ्या वाचनात बहुतेक सगळं.